समासातल्या टिपा

“पुढची टीप वाच,” मी म्हटलं.

कुंदानं पुस्तक खिडकीच्या उजेडाकडे तिरकं धरलं. “‘स्टेशनातून बाहेर पडल्यावर डावीकडचा रस्ता घ्यावा. उजवीकडचा जवळचा वाटतो, पण तो मालगोदामाकडे जातो. म. ना. जोग, जून एकाहत्तर.’”

“कारण आहे, नाव आहे, तारीख आहे. घेतली. टीप अकरा.” मी वहीत उतरवून घेतली.

“जोगसाहेब बॅगा घेऊन मालगोदामापर्यंत गेले असतील का गं?”

“गेले म्हणून तर लिहिलंय.”

ती इतक्या मोठ्यानं हसली की मी तराजूच्या काचपेटीकडे पाहिलं. आम्ही प्रयोगशाळेच्या तराजूखोलीत बसलो होतो. १९७३ सालचा डिसेंबर, शनिवारची दुपार. त्या खोलीत पंखा नव्हता, चपला बाहेर काढाव्या लागत आणि मोठ्यानं बोलायची सोय नव्हती, त्यामुळे तिथे सहसा कुणी येत नसे. खोली माझ्या ताब्यात होती. ते पुस्तकही.

पुस्तक म्हणजे पश्चिम जर्मनीचं एक जाडजूड इंग्रजी प्रवासमार्गदर्शक. आमच्या प्रयोगशाळेतून शिष्यवृत्तीवर पहिल्यांदा परदेशी गेलेल्या गृहस्थांनी ते आणलं होतं. परत आल्यावर त्यांनी ते दुसऱ्याला दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. छापील मजकुरात किल्ले होते, चर्चं होती, कुठल्या हॉटेलात कुठली दारू मागवावी ते होतं. आमच्या लोकांना त्यातलं काहीच नको असे. त्यांना हवं असे ते पुढे गेलेल्यांनी पेन्सिलीनं समासात मराठीत लिहून ठेवलेलं: दही कुठे मिळतं, अंडं नसलेला केक कसा ओळखावा, घरमालकिणीशी पहिल्या दिवशी काय बोलावं. नेहमीच्या एका विद्यापीठाच्या गावाला पुस्तकानं अडीच पानं दिली होती. त्या अडीच पानांचे समास काळे झाले होते.

एकोणसत्तर साली पुस्तक माझ्याकडे आलं तेव्हा मी त्याला खाकी कव्हर घातलं आणि आतल्या बाजूला नियम चिकटवले. ऐकीव लिहू नये. कारण द्यावं. खाली आद्याक्षरं आणि तारीख घालावी. लोक हसले, पण पाळू लागले. मी स्वतः तोवर परदेशी गेले नव्हते. नंतरही गेले नाही.

या वेळी पुस्तक एक आणि जाणाऱ्या व्यक्ती दोन झाल्या होत्या. दुसरे गृहस्थ सहा आठवड्यांसाठी म्युनिकला चालले होते आणि त्यांचा नंबर आधीचा होता. म्हणून कुंदासाठी मी तिच्या गावापुरत्या टिपांची स्वच्छ प्रत करत होते. चाळीस पानी वही, एका पानावर दोन टिपा.

कुंदा गुप्ते माझ्या हाताखाली तीन वर्षं काम करत होती. वय सव्वीस. हात अतिशय स्थिर; ब्युरेटमधून अर्धा थेंब सोडायला सांगितला तर अर्धाच सोडणारी. पण ठाणे आणि पुणे सोडून तिनं काही पाहिलं नव्हतं आणि रस्ता विचारायची तिला विलक्षण लाज वाटायची. चौदा महिन्यांची शिष्यवृत्ती मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा ती माझ्यासमोर रडली होती. आनंदानं नाही. “इंदूताई, मला बसमध्ये कंडक्टरला सुद्धा विचारता येत नाही गं. मी नाही जात,” म्हणाली.

तिच्या आई, माई, आदल्या रविवारी ठाण्याहून मुद्दाम मला भेटायला आल्या होत्या. पदर सावरून खुर्चीच्या टोकाला बसल्या. “मुलगी एकटी, परका मुलूख. भाषा येत नाही. घरात सगळे नको म्हणतायत. मला शास्त्रातलं काही कळत नाही, पण तुम्ही होय म्हणत असाल तर मी होय म्हणते.”

मी म्हटलं होतं, “माई, तिथे तिला कुणाला काही विचारायची वेळच येणार नाही, असं करून देते.”

“एवढं केलंत तर मी निर्धास्त,” म्हणाल्या आणि पर्समधून डिंकाच्या लाडवांचा डबा काढून टेबलावर ठेवला. तो डबा त्या शनिवारी आमच्यामध्ये उघडा होता. तराजूखोलीत खायला बंदी होती, पण कुंदानं ती माझ्याकडून मोडून घेतली होती.

“‘क्वार्क म्हणून मिळतं ते आपल्या चक्क्यासारखं असतं. साखर-वेलची घातल्यास श्रीखंड होतं. वेलची इथूनच न्यावी.’ जोगसाहेबच.”

“घेतली. बारा.”

“‘शनिवारी दुपारी दोननंतर दुकानं बंद, ती थेट सोमवारी उघडतात. ब्रेड आधी घ्यावा.’ आद्याक्षरं आहेत, तारीख सत्तर.”

“घेतली.”

“आता गुरवमामा,” ती म्हणाली आणि आणखी एक लाडू घेऊन सरसावून बसली.

केशव गुरव आमचे काचकाम करणारे. वाईकडचे, फार तर सातवी झालेले. प्रयोगशाळेतली निम्मी उपकरणं त्यांनी फुंकून केलेली होती. सत्तर सालच्या हिवाळ्यात सरकारनं त्यांना सहा महिने त्याच गावी नव्या पद्धतीचं काचकाम शिकायला पाठवलं होतं. जाताना त्यांनीही पुस्तक नेलं होतं, आणि येताना ते पुस्तक त्यांच्या जाड, गोल अक्षरातल्या टिपा घेऊन आलं. एकाही टिपेखाली तारीख नव्हती. बहुतेक खाण्याच्या होत्या.

“‘शुक्रवारी मासळीबाजार. हेरिंग म्हणून मासा असतो, तो आपल्या तारलीसारखा लागतो. के. गु.’ ही घ्यायचीच!”

“तारीख नाही.”

“इंदूताई, माशाला कसली तारीख? मी गुप्ते आहे गं, चौदा महिने तुझ्या श्रीखंडावर काढू का?”

“बरं. घेतली.”

“‘म्हातारीच्या मांजराला रोज थोडं दूध घालावं, म्हणजे म्हातारी खूश.’ म्हातारी म्हणजे आमची घरमालकीण ना?”

आमचे लोक परंपरेनं तिथल्या एका विधवाबाईंच्या घरी वरच्या मजल्यावर राहत. खोली स्वस्त होती आणि बाई मायाळू होत्या. कुंदाचीही तिथेच सोय केली होती.

“मांजर तीन-चार वर्षांपूर्वीचं. आता असेल कशावरून? सोड.”

“‘न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवून अंघोळ करावी.’ ई! उणे दहा अंशात?”

मी वर न बघता विचारलं, “कारण?”

“दिलेलं नाही. नुसतं ‘के. गु.’ आहे.”

“त्यांना सगळीकडे खिडक्याच उघड्या लागतात.” हे खरं होतं. काचशाळेत पावसाळ्यातही त्यांच्या खिडक्या सताड उघड्या असत, आणि ते मुख्य इमारतीत आले की आधी खिडकीपाशी जाऊन कडी काढत. ‘गुरव आले, कागद धरा’ हा आमच्याकडचा जुना विनोद होता. “सोड ती. न्यूमोनिया व्हायचा.”

“त्यांना विचारू या का?”

“रजेवर आहेत. वाईला घर शाकारतायत.”

“परवा भेटले होते मला, गावी जायच्या आधी. म्हणाले, ‘पुस्तकात लिहिलंय सगळं, ताई. ते वाच म्हणजे झालं.’” ती क्षणभर त्या ओळीवर बोट ठेवून थांबली. “परत आले की विचार हं. पत्रात कळव मला. उगीच चुटपूट लागेल.”

“विचारीन,” मी म्हटलं. “पुढची वाच.”

एकंदर त्र्याहत्तर टिपा होत्या. मी बासष्ट घेतल्या.

कुंदा सहा जानेवारीला गेली. विमानतळावर तिनं वही पर्समध्ये नव्हे, हातात धरली होती. माईंनी तिची दृष्ट काढायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

तिचं पत्र जानेवारीच्या शेवटी आलं. पातळ निळा कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला. तिनं ते अहवालासारखं लिहिलं होतं, मला हसवण्यासाठी.

‘टीप ११: बरोबर. उजवीकडचा रस्ता खरंच जवळचा वाटतो. टीप १२: बरोबर, पण वेलची संपत आली. टीप १९: दुरुस्ती हवी, ती बस आता चौकातून सुटते. टीप २४: हेरिंग तारलीसारखा नाही, पण मामांना सांगू नकोस. इंदूताई, मी अजून कुणालाही एकदासुद्धा रस्ता विचारलेला नाही. तुझी वही बघते आणि चालते. इथली मुलं म्हणतात, तू पूर्वी इथे राहिली होतीस का? मांजर अजून आहे, फार म्हातारं झालंय. न्हाणीघर एवढंसं आहे, पण भिंतीवर गॅसचा बंब आहे, गरम पाणी हवं तितकं. म्हातारीनं खिडकीच्या फटींत वर्तमानपत्र कोंबून वर चिकटपट्टी लावलीय. गुरवमामांचं इथे काही चालायचं नाही! त्यांना विचारलंस का गं? थोडं डोकं दुखतं, अंघोळीनंतर जास्त. थंडी असेल. माईला कळवू नकोस.’

मी ते पत्र दोनदा वाचलं. कार्बन मोनॉक्साइड मोजायची पद्धत मी दरवर्षी जूनमध्ये नव्या मुलांना शिकवत असे. रक्त त्याला प्राणवायूच्या दोनशे पटींनी अधिक घट्ट धरतं, हे वाक्य मी फळ्यावर लिहीत असे आणि खाली रेघ मारत असे. पहिलं लक्षण डोकेदुखी, हेही सांगत असे. त्याच संध्याकाळी मी कुंदाला उत्तर लिहिलं की डोळ्यांवर ताण येत असेल, चष्म्याचा नंबर तपासून घे.

गुरवमामा तोवर रजेवरून आले होते. तराजूखोलीपासून काचशाळा चाळीस पावलांवर होती. पण काचशाळेत आम्ही स्वतः जात नसू. काम चिठ्ठीवर लिहायचं, आकृती काढायची, मापं घालायची आणि शिपायाबरोबर धाडायची, अशी रीत होती. त्या महिन्यात मी त्यांना तीन चिठ्ठ्या धाडल्या. दोन नळ्या आणि एक कंडेन्सर. खिडकीबद्दल चिठ्ठीत काय लिहिणार? कधीतरी समोर भेटले की विचारू, असं मी मनाशी म्हटलं.

तार बारा फेब्रुवारीला आली. संचालकांनी मला बोलावून ती वाचायला दिली. इंग्रजीत अकरा शब्द होते. न्हाणीघरात, अपघात, गॅस एवढेच नीट दिसले.

नंतर सविस्तर पत्र आलं. पाणी तापवायचा गॅसचा बंब भिंतीवर बसवलेला होता. त्याचं धुराडं आतून तुंबलं होतं, आणि फटी बुजवल्यामुळे खोलीत हवा येत नव्हती. तिला काही कळलं नसेल, त्रास झाला नसेल, असं त्या पत्रात दोनदा लिहिलं होतं.

ठाण्याला मी एकटी गेले. घर माणसांनी भरलं होतं. माईंनी मला आतल्या खोलीत नेलं. कुंदाचं सामान आदल्या दिवशी आलं होतं. त्यांनी त्यातली वही काढून माझ्या हातात दिली. पानांचे कोपरे मऊ पडले होते. जागोजागी तिनं निळ्या शाईत बरोबरची खूण केली होती.

“ही तुम्ही ठेवा,” माई म्हणाल्या. “मी घरच्यांना सांगितलं, त्या बाईंना कुणी काही बोलायचं नाही. एवढं बारीकसारीक कोण लिहून देतं? तुमच्याकडून काही राहिलं नाही. आमच्याच नशिबात नव्हती.”

मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी आता ऐंशीच्या पुढे आहे.

त्यानंतर चार दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, तराजूखोलीच्या दाराशी कुणीतरी चपला काढल्या.

“बाई, येऊ का?”

गुरवमामा होते. काचशाळेतला माणूस असा कधी इकडे येत नसे. टोपी हातात होती. त्यांची नजर सवयीनं खिडकीकडे गेली, पण ते तिकडे गेले नाहीत.

“या ना, मामा.”

“कुंदाताई बंबानं गेली म्हणतात. खरं का?”

“हो. धुराडं तुंबलं होतं.”

“आणि खिडकी?”

“बंद होती.”

त्यांनी टोपी खिशात कोंबली. मग म्हणाले, “ते पुस्तक जरा दाखवता?”

म्युनिकचे गृहस्थ पुस्तक आठवड्यापूर्वीच परत देऊन गेले होते. मी कपाट उघडलं. कुंदाची वहीही त्याच खणात होती. मी पुस्तक तेवढं काढलं आणि खण लावून घेतला. मामांनी पानं न उलटता नेमकं ते पान उघडलं. ओळीवर बोट ठेवलं. ताप सोसून सोसून त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती.

“आहे की इथं. मी लिहिलं होतं.” त्यांनी वर पाहिलं. “ताईनं वाचलं होतं का हे?”

“वाचलं होतं,” मी म्हटलं.

यात खोटं काही नव्हतं. तिनं वाचलं होतं, मोठ्यानं, याच खोलीत, याच स्टुलावर बसून. तेवढं खरं बोलून मी थांबले.

मामा हळूच त्या स्टुलावर बसले.

“मग माझंच चुकलं,” ते म्हणाले. “वाचलं, पण पटलं नसेल पोरीला. कसं पटावं? एवढ्या थंडीत कोण खिडकी उघडतं? मी का ते लिहिलंच नाही.”

“का, मामा?”

“त्या बंबाची ज्योत पिवळी होती, बाई. पहिल्या दिवशीच दिसलं मला. आपल्याकडं ज्योत पिवळी झाली की मी हातातलं काम टाकतो आणि आधी हवा वाढवतो. पण तिथं म्हटलं, त्यांचा बंब, त्यांचा देश, असेल तसाच. दुसऱ्या आठवड्यात मी पडलो तिथं. शेजाऱ्यानं दार फोडलं. शुद्ध आली तेव्हा अंगणात बर्फावर होतो, अंगावर म्हातारीचा झगा.” ते हसल्यासारखं करायला गेले आणि ते जमलं नाही. “कुणाला सांगायचं? तीस वर्षं गॅसवर काम करणारा माणूस. सरकारनं खर्च करून धाडलेला. इथं कळलं असतं तर म्हणाले असते, गुरवाला बंब पेटवता येत नाही. म्हातारी म्हणाली दुरुस्त करते. मी तिथनं निघेतो रोज खिडकी उघडी टाकून अंघोळ केली. बाकीचे आपले लोक उन्हाळ्यात राहून आले, कुणाला काही झालं नाही. मग म्हटलं, झाकली मूठ. औषध लिहिलं, रोग लिहिला नाही.”

काचपेटीत तराजूचा काटा शून्यावर होता. मी त्याच्याकडे बघत होते.

“तुम्ही सगळे शिकलेले,” ते म्हणाले. “तुम्हाला कारण लागतं. बरोबरच आहे. तुम्ही आत नियम चिकटवलाय. मी तो वाचला होता, बाई. वाचून सुद्धा लिहिलं नाही. एक ओळ लिहिली असती तर तिनं खिडकी उघडली असती की नाही? सांगा तुम्ही.”

“उघडली असती,” मी म्हटलं. तेही खरंच होतं.

त्यांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. गुरवमामा त्यानंतर सात वर्षं जगले. निवृत्त होऊन वाईला गेले, तिथेच गेले. त्यांनी ही गोष्ट बायकोला सांगितली, संचालकांना सांगितली, आणि पुढच्या वर्षी ठाण्याला जाऊन माईंच्या पायांवर डोकं ठेवून त्यांनाही सांगितली, असं मला नंतर कळलं. माईंनी पुन्हा कधी त्यांचं नाव काढू दिलं नाही.

पण त्या सकाळी हे काहीच झालं नव्हतं. त्या सकाळी माझ्यापुढे एक माणूस स्टुलावर बसला होता, आणि कपाटातली वही हाताच्या अंतरावर होती.

“मामा,” मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. “बोला, बाई.”

“तुम्हाला... लिहायचंय का काही त्यात?”

“तेवढ्यासाठीच आलो होतो. पुढचं कुणी जाईल, त्याला तरी. पेन्सिल असली तर द्या.”

मी खणातून पेन्सिल काढली. टोक बोथट होतं. मी पात्यानं ती तासली, कचरा कागदात गोळा केला, आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. एवढ्यात सांगून टाकायला मला पुरेसा वेळ होता.

त्यांनी पुस्तक गुडघ्यावर घेतलं आणि जुन्या ओळीच्या खाली उरलेल्या जागेत, दर शब्दाला थांबत, लिहिलं. मग पुस्तक माझ्याकडे फिरवलं.

‘बंबाची ज्योत पिवळी आहे. विषारी धूर होतो. मी स्वतः बेशुद्ध पडलो होतो. हे कारण मी आधी लिहिले नाही. चूक माझी. के. गु.’

“आता नीट झालं का, बाई? बघा तुमच्या नियमाप्रमाणं.”

मी वाचलं. ऐकीव नव्हतं. कारण होतं. आद्याक्षरं होती.

“तारीख राहिली,” मी म्हटलं.